एव्हरग्लेड्समधला एक दिवस : पायवाटा आणि वन्यजीव पाहण्याचा योग्य क्रम

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरच्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातून बरेच पर्यटक निराश होऊन परततात, आणि बहुतेक वेळा त्याला दिवसाची चुकलेली आखणी कारणीभूत असते. सकाळी दहाच्या सुमारास मायामीहून निघायचे, उन्हाच्या भरात पहिल्या पायवाटेवर वीस मिनिटे काढायची, मग न थांबता रस्त्याच्या टोकाला असलेल्या फ्लेमिंगो या ठिकाणापर्यंत गाडी पळवायची आणि संध्याकाळी डास सुटले की घाईने परतायचे, असा क्रम फार जण धरतात. या क्रमात प्रत्येक ठिकाणी नेमकी चुकीची वेळ गाठली जाते. होमस्टेडकडच्या मुख्य प्रवेशद्वारातून एका दिवसात हे उद्यान नीट कसे पाहावे, हे येथे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. दिलेल्या वेळा जानेवारी-फेब्रुवारीच्या आहेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातात, त्यानंतर सगळ्या वेळा तासाभराने पुढे धराव्यात.

टप्पा १ : महिना आणि दिवस ठरवणे

येथे ऋतू दोनच आहेत. साधारण डिसेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत कोरडा ऋतू असतो आणि मे ते नोव्हेंबर ओला. वन्यजीव पाहायचे असतील तर कोरडाच ऋतू निवडावा, आणि त्यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. ओल्या ऋतूत पाणी गवताळ प्रदेशावर उथळ थरासारखे सर्वदूर पसरते, त्यामुळे मासे विखुरतात आणि त्यांच्यामागे पक्षी व मगरीसारखे दिसणारे अ‍ॅलिगेटरही विखुरतात. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की ते थोड्या खोलगट जागांत उरते. मासे तिथे कोंडले जातात आणि ते खाणारे सगळे प्राणी त्याच जागांभोवती गोळा होतात. ज्या पायवाटेवर ऑगस्टमध्ये तासभर चालून दोन बगळे दिसतील, तिच्यावर फेब्रुवारीत पाऊल टाकताच डझनभर पक्षी समोर असू शकतात.

उन्हाळ्यात तापमान ३२ अंश सेल्सियसच्या आसपास असते, दमटपणा फार असतो, जवळजवळ रोज दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि डास असह्य होतात. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ आहे. उन्हाळ्यातच जाणे भाग असेल, तर पहाटे आत शिरून सकाळी अकराच्या आत बाहेर पडावे आणि या लेखातला फक्त चौथा टप्पा पाळावा.

महिना ठरल्यावर दिवस निवडताना हवामानाचा अंदाज जरूर पाहावा. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन गेली की पुढचे एक-दोन दिवस आकाश निरभ्र असते, वारा वाहता असतो आणि डास कमी होतात. रात्रीच्या गारव्याने थंडावलेले अ‍ॅलिगेटर अशा दिवशी शरीर तापवण्यासाठी काठावर येऊन पडतात. निवडीला वाव असेल तर असाच दिवस घ्यावा आणि शनिवार-रविवार टाळावा.

*तपासणी :* निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाची स्थिती पाहावी. पायवाटांची दुरुस्ती, मुद्दाम लावलेले नियंत्रित वणवे किंवा पाण्याची पातळी यांमुळे एखादा भाग बंद असू शकतो.

टप्पा २ : प्रवेशद्वार निवडणे

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. उद्यानाला मोटारीने जाण्याजोगी तीन मुख्य प्रवेशद्वारे आहेत : होमस्टेडजवळचे अर्नेस्ट को (Coe) केंद्र, टॅमायामी ट्रेल या महामार्गावरची शार्क व्हॅली आणि पश्चिम किनाऱ्यावर एव्हरग्लेड्स सिटी येथील गल्फ कोस्ट. ही तिन्ही उद्यानाच्या आतून एकमेकांना जोडलेली नाहीत. होमस्टेडहून शार्क व्हॅलीला जायचे तर बाहेर पडून तासाभराचा वळसा घ्यावा लागतो, आणि गल्फ कोस्टला जायला त्याहून बराच अधिक. एका दिवसात दोन द्वारे ‘उरकण्याचा’ विचार सरळ सोडून द्यावा. त्यात दिवसाचा चांगला प्रकाश महामार्गावर जातो.

शार्क व्हॅलीत १५ मैलांचा (सुमारे २४ किलोमीटर) डांबरी फेरा आहे, तो सायकलने किंवा ट्रामने करता येतो आणि त्याच्या साधारण मध्यावर निरीक्षण मनोरा आहे. ते ठिकाण उत्तम आहे, पण तिथे एकच प्रकारचा भूभाग दिसतो. होमस्टेडकडून मात्र ३८ मैलांच्या (सुमारे ६१ किलोमीटर) एकाच रस्त्यावर गोड्या पाण्याचा प्रवाह, पाईनचे रान, गवताळ पठार, दाट झाडीची बेटे, खारफुटी आणि शेवटी फ्लोरिडा बे हे सगळे एकामागून एक येते. पहिल्या भेटीसाठी म्हणून मी हेच द्वार सुचवतो.

फोनमधल्या नकाशात नुसते उद्यानाचे नाव टाकू नये. नकाशा भलत्याच ठिकाणी नेऊ शकतो. ‘Ernest F. Coe Visitor Center’ असे पूर्ण नाव टाकावे. हा रस्ता, स्टेट रोड ९३३६, दिवसरात्र खुला असतो, मात्र सूर्योदयाच्या वेळी केंद्राची इमारत बंद असते. खासगी मोटारीचे प्रवेशशुल्क ३५ डॉलर असून ते सात दिवस चालते. रोख रक्कम घेतली जात नाही, त्यामुळे कार्ड हवेच. अमेरिकेबाहेरून आलेल्या पर्यटकांसाठी शुल्काचे नियम वेगळे असल्याने त्यांनी ते आधी पाहून पास घरूनच काढलेला बरा.

एअरबोटीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. पंख्याने चालणाऱ्या त्या सपाट होड्यांच्या सफरी टॅमायामी ट्रेलच्या बाजूला मिळतात, होमस्टेडकडच्या रस्त्यावर नाहीत. शिवाय त्यांच्या प्रचंड आवाजात प्राण्यांचे निवांत निरीक्षण होत नाही, हे ध्यानात घेऊनच त्यांच्यावर पैसे खर्च करावेत.

टप्पा ३ : आदल्या संध्याकाळची तयारी

प्रवेशद्वारापासून फ्लेमिंगोपर्यंतच्या रस्त्यावर खाण्याचे दुकान नाही आणि पेट्रोल पंपही नाही. म्हणून फ्लोरिडा सिटी किंवा होमस्टेडमध्ये गाडीची टाकी पूर्ण भरावी आणि दिवसभराचे खाणे बरोबर घ्यावे. पाणी माणशी तीन ते चार लिटर धरावे. हिवाळ्यातही बोर्डवॉकवर (जमिनीपासून किंवा पाण्यापासून उचलून बांधलेल्या वाटेवर) सावली फारशी नसते. मोबाइलचे नेटवर्क मोठ्या भागात मिळत नाही, त्यामुळे उद्यानाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि आपण कुठे जाणार व किती वाजेपर्यंत परतणार हे कोणाला तरी सांगून ठेवावे.

कपडे फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे असावेत. गडद रंगाकडे डास अधिक आकर्षित होतात आणि घट्ट कापडातून ते सहज चावतात. पायात बंद बूट हवेत. चपला किंवा सँडल घालून गवताच्या कडेला उभे राहिले की लाल मुंग्या पायावर चढतात, आणि त्यांच्या डंखाचे फोड कितीतरी दिवस टिकतात. पहाटे बारा-तेरा अंशांपर्यंत गारवा असू शकतो, म्हणून एक पातळ जाकीट गाडीत असू द्यावे.

दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र असावी, निदान दोघांत एक तरी. ८×४२ मापाची पुरते. त्याहून मोठी भिंगशक्ती हातात थरथरते. दुर्बीण आदल्या दिवशीच डोळ्यांच्या अंतरानुसार जुळवून ठेवावी, कारण पहिला पक्षी दिसल्यावर चाके फिरवत बसले की तो उडून जातो.

आधी उन्हापासून संरक्षण देणारे मलम लावावे, ते मुरू द्यावे आणि मगच डासरोधक लावावे. क्रम उलटा झाला तर डासरोधकाचा थर मलमाखाली जातो आणि त्याचा उपयोग कमी होतो. डासरोधकात वीस ते तीस टक्के डीट किंवा पिकारिडिन असावे. डीटने प्लास्टिक व रबर खराब होते, म्हणून ते लावल्यावर तळहात पुसून मगच दुर्बीण किंवा कॅमेरा हाती घ्यावा.

*सावधान :* पाळीव कुत्रा बरोबर आणू नये; पायवाटांवर त्याला परवानगी नाही. ड्रोन उडवण्यास संपूर्ण उद्यानात बंदी आहे.

टप्पा ४ : सूर्योदयाला अँहिंगा ट्रेल

जानेवारीत सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. पावणेसातच्या सुमारास प्रवेशद्वारातून आत जावे आणि चार मैलांवरच्या रॉयल पाम येथे पहिला थांबा घ्यावा. अँहिंगा ट्रेल तिथूनच सुरू होते. जाऊन-येऊन तिची लांबी केवळ ०.८ मैल (सुमारे १.३ किलोमीटर) आहे, आणि नेमक्या याच आकड्याने लोक फसतात : अंतर कमी म्हणून वेळही कमी देतात. टेलर स्लू या संथ वाहणाऱ्या प्रवाहाच्या खोल भागावरून ही वाट जाते, म्हणजे कोरड्या ऋतूत पाणी जिथे टिकून राहते त्याच जागेवरून. दिवसातले निदान दोन तास येथे घालवावेत.

गाडी उभी करताच एक काम करावे. येथील काळी गिधाडे मोटारींचे वायपर, काचेभोवतालचे रबर आणि छतावरच्या पट्ट्या चोचीने ओरबाडतात. त्यासाठी रॉयल पामच्या वाहनतळावर उद्यानाने ताडपत्र्या आणि त्या बांधायच्या लवचिक दोऱ्या ठेवलेल्या असतात. त्या संकोच न करता वापराव्यात आणि परतताना जागच्या जागी ठेवाव्यात. भाड्याच्या गाडीचे रबर फाटले तर भुर्दंड आपल्यालाच बसतो.

आता पाहण्याची पद्धत. नुसते चालत राहणारा माणूस येथे अर्धेही पाहत नाही. पाणवठ्याशी आल्यावर थांबावे, बोलणे बंद करावे आणि दहा मिनिटे एकाच जागी उभे राहावे. नजर आधी पायाखाली टाकावी : बोर्डवॉकच्या कडेच्या निवळ पाण्यात लांबट चोचीसारख्या तोंडाचा ‘गार’ नावाचा मासा आणि मऊ कवचाचे कासव अगदी जवळ तरंगत असतात. मग पाण्याची कड डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावी, कारण बगळे आणि अ‍ॅलिगेटर हलत नाहीत आणि घाईच्या नजरेला ते खोड किंवा सावली वाटतात. त्यानंतर पाण्यात वाढलेली पाँड अ‍ॅपलची झुडपे फांदीगणिक तपासावीत. हिवाळा-वसंतात अँहिंगा आणि पाणकावळे तिथे घरटी करतात, आणि पिल्ले वाटेवरूनही दिसतात.

ओळखीतल्या काही नेहमीच्या चुका येथे टाळता येतील. अँहिंगा आणि पाणकावळा दोघेही काळे असतात आणि दोघेही पंख पसरून बसतात. अँहिंगाची चोच भाल्यासारखी सरळ व टोकदार असते आणि शेपटी लांब असते, तर पाणकावळ्याच्या चोचीचे टोक आकडीसारखे वळलेले असते. अँहिंगाची पिसे पाण्यात भिजतात, म्हणून तो मान तेवढी वर ठेवून पोहतो आणि बाहेर आल्यावर पंख वाळवतो. ज्याची मान व छाती तांबूस-पिवळसर दिसेल ती मादी. पांढऱ्या बगळ्यांत मोठ्या बगळ्याची चोच पिवळी आणि पाय काळे असतात, लहान स्नोई बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. एखादा पांढरा बगळा या दोन्हींत बसत नसेल आणि त्याचे पाय हिरवट असतील, तर तो बहुधा लहान निळ्या बगळ्याचे पिल्लू असतो, कारण ही जात पहिल्या वर्षी पांढरीच असते. कमळासारख्या रुंद पानांवर लांब बोटांनी चालत जाणारी जांभळी-निळी पाणकोंबडीही याच पायवाटेवर शोधावी. तिच्या लाल चोचीला पिवळे टोक असते.

अ‍ॅलिगेटर भल्या पहाटे फारसे बाहेर नसले तर निराश होऊ नये. ते शीतरक्ताचे आहेत. गार सकाळी साधारण नऊनंतर, ऊन काठावर पडले की ते वर येऊ लागतात. म्हणून या वाटेचे दोन फेरे करावेत, पहिला सूर्योदयाला पक्ष्यांसाठी आणि दुसरा साडेआठ-नऊच्या सुमारास अ‍ॅलिगेटरसाठी. मधल्या वेळात न्याहारी उरकावी, मात्र गाडीत बसून. उघड्यावर ठेवलेली पिशवी कावळे आणि रॅकून फाडतात.

*अंतराचा नियम :* अ‍ॅलिगेटरपासून किमान १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर दूर राहावे. तो निश्चल पडलेला असल्यामुळे तो झोपला आहे किंवा माणसाळला आहे असे समजणे ही येथली सर्वांत धोकादायक चूक आहे. वाट अडवून पडला असेल तर त्याला ओलांडू नये, हाकलू नये. थांबावे किंवा परत फिरावे. तो फुत्कार टाकू लागला म्हणजे आपण आधीच फार जवळ आलो आहोत, तेव्हा तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरावे. नुसते उघडलेले तोंड मात्र बऱ्याचदा शरीराचे तापमान सांभाळण्यासाठी असते. अ‍ॅलिगेटर मागे लागला तर नागमोडी पळावे हा जुना समज चुकीचा आहे. सरळ रेषेत दूर जावे, कारण जमिनीवर तो लांब पल्ला धावत नाही.

*आणखी दोन गोष्टी :* पिवळ्या पट्ट्यांची वीतभर पिल्ले दिसली तर आई जवळच असते, मग ती दिसो वा न दिसो. तिथे रेंगाळू नये. आणि कोणत्याही प्राण्याला काहीही खायला घालू नये. हा कायद्याने गुन्हा आहे, आणि माणसाकडून अन्न मिळते हे शिकलेला अ‍ॅलिगेटर शेवटी मारावा लागतो. लहान मुलांचा हात पाण्याच्या कडेला एक क्षणही सोडू नये.

टप्पा ५ : गंबो लिंबो आणि पाईनचे रान

रॉयल पामहूनच निघणारी गंबो लिंबो ट्रेल ०.४ मैलाची आहे. तिचा मुख्य उपयोग सावलीसाठी आणि हॅमक म्हणजे काय हे समजण्यासाठी. आजूबाजूच्या ओलाव्यापेक्षा जेमतेम फूट-दीड फूट उंच असलेल्या जमिनीवर उगवलेले रुंदपानी झाडांचे दाट बेट, त्याला येथे हॅमक म्हणतात. साल सोलून निघणारे तांबूस गंबो लिंबो वृक्ष आणि खोडांना चिकटलेल्या रंगीत पट्ट्यांच्या झाडगोगलगायी पाहाव्यात. त्या गोगलगायी काढून नेणे हा गुन्हा आहे.

तिथून पुढे मुख्य रस्त्यालगत पाईनलँड्सची तेवढीच छोटी वाट लागते. पायाखालचा चुनखडक पाण्याने खाऊन खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो आणि खड्डे पाल्याने झाकलेले असतात, म्हणून आखलेली वाट सोडू नये.

*सावधान :* या दोन्ही अधिवासांत पॉइझनवुड हे झाड आहे. त्याच्या सालीवर डांबर सांडल्यासारखे काळे चकचकीत डाग असतात, आणि त्याच्या चिकाने त्वचेवर पुरळ व फोड येतात. झाडाला टेकू नये, फांदी धरू नये, आणि पाऊस पडत असताना त्याच्याखाली थांबू नये. पायवाटेजवळच्या फटींत हात घालणेही टाळावे, कारण या उद्यानात विषारी सापांच्या चार जाती आहेत : कॉटनमाउथ, डायमंडबॅक, पिग्मी रॅटलस्नेक आणि कोरल साप. त्यांना जागा दिली तर ते आपल्या वाटेला जात नाहीत.

टप्पा ६ : दुपारचे तास

अकरा ते दोन हा वेळ पक्ष्यांसाठी मंद असतो. या वेळात मोठ्या पायवाटा चालण्याचा हट्ट धरू नये. प्रवेशद्वारापासून साधारण तेरा मैलांवरच्या पा-हे-ओकी येथे थोड्याच अंतराचा बोर्डवॉक आहे. त्यावरून सॉग्रास गवताचे मैलोगणिक पठार दिसते. या गवताच्या पात्यांना करवतीसारख्या दातांची धार असते, हात लावला तर कापतो. वाटेत उभी दिसणारी बुटकी, निष्पर्ण सायप्रसची झाडे मेलेली आहेत असे बहुतेकांना वाटते. ती हिवाळ्यात पाने गाळतात आणि वसंतात पुन्हा हिरवी होतात. हे ठिकाण आत्ता दहा मिनिटांत पाहून पुढे निघावे, कारण परतीच्या वाटेवर येथे पुन्हा थांबायचे आहे.

जेवणानंतर वीस मैलांच्या खुणेजवळ महोगनी हॅमकला जावे. अर्ध्या मैलाचा हा बोर्डवॉक पूर्ण सावलीत आहे आणि म्हणूनच दुपारसाठी राखून ठेवायचा. आत शिरताच डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे आणि मग आडव्या जाड फांद्या तपासाव्यात. बार्ड जातीचे घुबड दिवसा अशा फांद्यांवर बसलेले सापडते. फोनवरून त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये, त्यामुळे विणीच्या काळात त्याची विनाकारण दमछाक होते.

*तपासणी :* या क्षणी निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक आहे का, ते पाहावे. कोणाला डोके दुखणे, मळमळ किंवा घाम अचानक थांबणे जाणवत असेल, तर पुढचा कार्यक्रम रद्द करून गाडीतल्या थंडाव्यात बसवावे आणि मदत मागावी.

टप्पा ७ : रस्त्याकडेची तळी

महोगनी हॅमकनंतर पॉरोटिस पाँड, नाईन माईल पाँड आणि वेस्ट लेक ही पाण्याची ठिकाणे रस्त्यालाच लागून आहेत. येथे चालायचे कमी आणि दुर्बिणीतून पाहायचे जास्त. वसंतात पॉरोटिस पाँडच्या पलीकडच्या झाडीत वुड स्टॉर्क जातीचे करकोचे आणि गुलाबी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे स्पूनबिल पक्षी) यांची वसाहत भरते. अशा वेळी काठावरूनच पाहावे, वसाहतीकडे जाण्याचा प्रयत्न करू नये. सगळी तळी पाहिलीच पाहिजेत असेही नाही. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरून दोन मिनिटे पाहावे आणि जिथे पक्षी असतील तिथे वेळ द्यावा. पाण्याची पातळी आठवड्यागणिक बदलते, तसे पक्षीही एका तळ्याहून दुसऱ्याकडे सरकतात.

पहिल्या भेटीत स्नेक बाईट ट्रेल टाळावी असे माझे मत आहे. एका बाजूने १.६ मैल असलेली ही वाट खारफुटीतून जाते, आणि तिथले डास कोरड्या ऋतूतही भल्याभल्यांना अर्ध्यातून परतवतात.

टप्पा ८ : फ्लेमिंगो

अडीच-तीनच्या सुमारास रस्त्याच्या टोकाशी, फ्लेमिंगोला पोचावे. नावावरून येथे रोहित पक्ष्यांचे थवे दिसतील अशी समजूत करून घेऊ नये. ते क्वचितच दिसतात. ‘फ्लेमिंगो पाहिला’ असे सांगणाऱ्या बहुतेकांनी गुलाबी चमचा पाहिलेला असतो. चमच्याची चोच टोकाशी चपटी व रुंद असते आणि मान-पाय मध्यम लांबीचे असतात. रोहिताची मान व पाय अतिशय लांब, चोच मध्येच खाली वाकलेली आणि टोकाला काळी असते, आणि उडताना त्याच्या पंखांत काळा रंग स्पष्ट दिसतो.

सर्वांत आधी बोटींच्या धक्क्याकडे, म्हणजे मरीनाकडे जावे. रानटी अवस्थेत अ‍ॅलिगेटर आणि मगर एकत्र राहतात असा जगातला एकमेव प्रदेश म्हणजे दक्षिण फ्लोरिडा, आणि अमेरिकन मगर पाहण्यासाठी हा मरीना अतिशय भरवशाचा आहे. दुपारच्या उन्हात ती काठावर पडलेली असते. अ‍ॅलिगेटरचा रंग काळपट आणि तोंड रुंद, गोलसर असते. मगरीचा रंग राखाडी-हिरवट, तोंड निमुळते असते आणि तोंड मिटलेले असतानाही खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो. अंतराचा नियम येथेही तोच. धक्क्याच्या कडेला बसून पाय पाण्यात सोडू नयेत.

मॅनटी, म्हणजे समुद्रगाय, याच पाण्यात दिसते, पण लोक दोन मिनिटे पाहून ‘आज नाही’ म्हणून निघून जातात. हालचाल करणारी मॅनटी साधारण तीन ते पाच मिनिटांनी श्वास घ्यायला वर येते आणि विसावलेली त्याहूनही उशिरा, वीस मिनिटांपर्यंत. म्हणून एका जागी निदान वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. मातकट पाण्यावर उमटणारी गोल, सपाट वर्तुळे आणि क्षणभर वर येणाऱ्या दोन नाकपुड्या, एवढीच खूण बहुधा मिळते. ध्रुवीकरण करणारा गॉगल असेल तर पाण्यावरची चमक कमी होऊन तिचे शरीरही दिसते. तिला स्पर्श करू नये आणि नळाचे गोडे पाणी पाजू नये. दोन्ही कायद्याने निषिद्ध आहे.

मरीनाच्या परिसरातल्या खांबांवर आणि झाडांवर मासे पकडणाऱ्या ऑस्प्रेची घरटी असतात. उपसागराच्या काठावरून दुर्बीण फिरवली तर हिवाळ्यात आलेले पांढरे पेलिकन आणि चिखलाच्या उथळ पट्ट्यांवर चरणारे किनारपक्षी दिसतात. काठावर मँचिनील हे अत्यंत विषारी झाड असू शकते. अनोळखी फळ तोंडात घालू नये आणि अनोळखी झाडाखाली बसू नये, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

चारच्या सुमारास ईको पाँडला जावे. अर्ध्या मैलाची ही फेरी शेवटी ठेवण्याचे कारण असे की, दिवसभर बाहेर चरणारे पांढरे शराटी आणि बगळे सायंकाळी थवे करून तिथल्या झाडांवर परततात. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला उभे राहिल्यास रंग नीट दिसतात आणि छायाचित्रेही चांगली येतात. येथे पोचण्याआधी डासरोधकाचा दुसरा हात द्यावा. सकाळचा थर एव्हाना घामाबरोबर उतरलेला असतो.

*सावधान :* मेघगर्जना ऐकू आली की बोर्डवॉक, मनोरा आणि उघडे मैदान ताबडतोब सोडून गाडीत किंवा इमारतीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. हिवाळ्यात हे क्वचित घडते, तरी या सपाट प्रदेशात उभा माणूसच सर्वांत उंच वस्तू ठरतो.

टप्पा ९ : परतीचा रस्ता

जानेवारीत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. पावणेपाचला फ्लेमिंगोहून निघाले की पा-हे-ओकीच्या बोर्डवॉकवर सूर्यास्ताच्या थोडे आधी पोचता येते. दुपारी सपाट वाटलेले गवताचे पठार तिरप्या प्रकाशात निराळे दिसते आणि लाल खांद्याचा ससाणा शिकारीसाठी बाहेर पडलेला असतो. येथे अंधार पडेपर्यंत थांबावे, पण टॉर्च बरोबर असेल तरच.

अंधारात गाडी सावकाश चालवावी. डांबर दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून साप रात्री रस्त्यावर येतात. रॅकून, हरणे आणि कधी अ‍ॅलिगेटरही रस्ता ओलांडतात. एखादा फार मोठा, तपकिरी ठिपक्यांचा अजगर दिसला तर तो बाहेरून आलेला बर्मी अजगर असू शकतो. त्याला हात लावू नये, गाडीतूनच छायाचित्र घ्यावे, जवळची मैलाची खूण टिपून ठेवावी आणि रेंजरला कळवावे. उत्साह शिल्लक असेल तर रॉयल पामला पुन्हा दहा मिनिटे थांबता येते : वाटेच्या सुरुवातीच्या पक्क्या भागातच, कठड्याआड उभे राहून टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून पाण्यावर फिरवल्यास अ‍ॅलिगेटरचे डोळे तांबडे चमकतात. पक्ष्यांच्या घरट्यांवर उजेड टाकू नये.

मुक्कामी पोचल्यावर त्या दिवसाचे कपडे वेगळे काढून धुवावेत आणि बुटांचे तळ पुसावेत, कारण पॉइझनवुडचा चीक कापडावरून त्वचेला लागू शकतो. पाहिलेल्या प्राण्या-पक्ष्यांची नोंद त्याच रात्री ठिकाण आणि वेळेसह करावी. प्रवेशाचा पास अजून सहा दिवस चालणार असतो, आणि दुसऱ्या दिवशी शार्क व्हॅलीला जायचे असेल तर तिथले फाटक सकाळी साडेआठला उघडते व वाहनतळ लवकर भरतो, तेव्हा सव्वाआठपर्यंत रांगेत असावे.